खिशातल्या पुस्तिकेवरून घराचं वायरिंग : तक्ता कुठल्या क्रमाने वाचायचा

घरात विजेचं काम काढलं की खिशात मावणारी वायरिंगची पुस्तिका हल्ली बऱ्याच जणांकडे दिसते. आयटीआयची मुलं बाळगतात, वायरमन बाळगतात, घरमालकही विकत घेतात. ती बाळगावीच. पण ती हातात आली की सगळे एकच चूक करतात, थेट वायरच्या जाडीचं पान उघडतात. ‘अडीच एमएम, चोवीस अँपिअर’ एवढं वाचायचं, पुस्तिका मिटायची आणि पाइपातून वायर ओढायला घ्यायची. त्या चोवीसच्या वर बारीक अक्षरात काय छापलं होतं, ते वाचायचं राहूनच जातं. जळालेले बोर्ड उघडून पाहताना मला पुष्कळदा वायर चांगलीच दिसली आहे. आकडाही पुस्तिकेतलाच होता. तो त्या घराला लागू नव्हता.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण अशी वस्तू तेवढ्याच क्षमतेच्या वस्तूने बदलणं वेगळं. नवं वायरिंग, वाढीव पॉइंट, फेरफार, दुरुस्ती ही कामं परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमनकडूनच व्हावीत, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम आहे. घरमालकाने खालचे टप्पे कागदावर आखणी करायला आणि झालेलं काम तपासून घ्यायला वापरावेत. शिकाऊ वायरमनने ते आपल्या पर्यवेक्षकासोबत करावेत.

टप्पा १ : पुस्तिका कुठल्या देशाची, ते आधी पाहा

मुखपृष्ठावर ‘एनईसी’ लिहिलंय म्हणून ती आपलीच, असं धरून चालू नका. आपली राष्ट्रीय विद्युत संहिता भारतीय मानक ब्युरो काढतं, तिची २०२३ ची आवृत्ती आहे. अमेरिकेच्या संहितेचं लघुरूपही नेमकं तेच, आणि फोनवर फुकट मिळणाऱ्या पुस्तिकांत अमेरिकन जास्त. दोघींतले तक्ते एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. ओळखायच्या खुणा तीन आहेत.

व्होल्टेज : आपल्याकडे घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. पुस्तिकेत जागोजागी १२० व्होल्ट दिसले तर ती अमेरिकन.

वायरचं माप : आपल्याकडे चौरस मिलिमीटर. अमेरिकन पुस्तिकेत गेजचा क्रमांक असतो आणि क्रमांक वाढेल तशी वायर बारीक होते. तिथली १२ नंबरची वायर सुमारे ३.३ चौरस मिमी, १४ नंबरची सुमारे २.१.

रंग : इथे चूक झाली तर जीव जाऊ शकतो. आपल्याकडे लाल, पिवळा, निळा हे फेज (चालू वायर), काळा न्यूट्रल (परतीची वायर), हिरवा किंवा हिरवा-पिवळा अर्थ (जमिनीला जोडलेली वायर). अमेरिकेत काळी वायर फेज असते आणि पांढरी न्यूट्रल. ब्रिटनच्या आजच्या पद्धतीत तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल. म्हणजे आपल्याकडचा फेजचा निळा तिकडे न्यूट्रल, आणि आपला न्यूट्रलचा काळा अमेरिकेत चालू फेज.

थांबा : ब्रिटिश पुस्तिकेत सॉकेटच्या सर्किटला अडीच एमएम वायर आणि ३२ अँपिअरचा ब्रेकर (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा, म्हणजे ‘पडणारा’ स्विच) दिसेल. तिकडे ती वायर बोर्डातून निघून सगळे सॉकेट फिरून पुन्हा बोर्डातच येते, त्यामुळे करंट दोन वाटांनी विभागला जातो. आपल्याकडे वायर एकाच दिशेने जाते आणि शेवटच्या सॉकेटला संपते. ती जोडी इथे उचलली तर ब्रेकर पडायच्या आधी वायर तापून वितळेल.

पुस्तिका भारतीय निघाली की चार पानांना चिकटपट्ट्या लावा : करंटचा तक्ता, तापमानाचे गुणक, एकत्र वायरींचे गुणक, व्होल्टेज घट (लांब वायरीत वाटेतच कमी होणारे व्होल्ट). गुणक म्हणजे छापील करंटला ज्याने गुणायचं तो आकडा. गुणकांची पानं बहुतेक वेळा मुख्य तक्त्यापासून लांब छापलेली असतात, म्हणूनच ती वगळली जातात.

टप्पा २ : घराची यादी, वॅटसकट

टेप, वही, पेन घेऊन खोलीखोलीतून फिरा. कुठे काय लागणार ते लिहा आणि प्रत्येक उपकरणाच्या मागच्या पट्टीवरचे वॅट उतरवून घ्या, अंदाजाने लिहू नका. बोर्डापासून त्या जागेपर्यंत वायर ज्या वाटेने जाईल, त्या वाटेने टेप धरा. सरळ रेषेत मोजलेलं अंतर भिंतीवर चढून-उतरून दीडपट होतं.

वॅटला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. २००० वॅटचा गिझर म्हणजे ८.७ अँपिअर. तेवढ्याच वॅटची इंडक्शन शेगडी तेवढाच करंट घेते. मोटर आणि एसीच्या पट्टीवर अँपिअर वेगळे छापलेले असतील तर तोच आकडा घ्या, भागाकार करू नका.

जुन्या घरात आधीची वायर ठेवायची असेल तर तिचं मापही लिहा. जुने वायरमन ‘थ्री-ट्वेंटी टू’, ‘सेव्हन-ट्वेंटी’ म्हणायचे : पहिला आकडा तारांचा, दुसरा गेजचा. थ्री-ट्वेंटी टू म्हणजे सुमारे १.२ चौरस मिमी, सेव्हन-ट्वेंटी म्हणजे सुमारे ४.६. आणि दुकानात आपण ‘अडीच एमएम’ म्हणतो तेव्हा ते क्षेत्रफळ असतं, व्यास नव्हे. कॅलिपरने तार मोजून अडीच मिमी शोधत बसू नका. अडीच चौरस मिमीच्या एकसंध तारेचा व्यास जेमतेम १.८ मिमी भरतो.

टप्पा ३ : सर्किट वेगळी करा

आपल्याकडचा रूढ नियम असा : दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि ८०० वॅटपेक्षा जास्त लोड नको. पॉवरच्या एका सर्किटवर १६ अँपिअरचे दोनच सॉकेट. गिझर, एसी, इंडक्शन, पाण्याची मोटर यांना प्रत्येकी स्वतंत्र सर्किट द्या.

स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त गडबड होते. ओट्यावर एकच पॉवर पॉइंट ठेवतात आणि मग मिक्सर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन त्याच्यावरच एक्स्टेन्शन लावून चालतात. ओट्याला निदान दोन पॉवर सर्किट ठेवा आणि फ्रिज त्यांच्याशी जोडू नका.

तपासणी : प्रत्येक सर्किटला क्रमांक दिलाय का? प्रत्येकापुढे वॅट, अँपिअर आणि मीटरमध्ये लांबी लिहिलीय का? तीन रकाने भरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ४ : आधी एमसीबी, मग वायर

हा क्रम उलटला की घोळ सुरू होतो. एमसीबी, म्हणजे बोर्डातला छोटा ब्रेकर, वायरीचं रक्षण करतो, उपकरणाचं नव्हे. म्हणून तीन आकडे चढत्या क्रमाने हवेत : उपकरणाचा करंट सगळ्यात कमी, त्याच्यावर एमसीबीचा आकडा, आणि त्याच्याही वर वायरीची प्रत्यक्ष क्षमता. वहीत प्रत्येक सर्किटपुढे हे तीन आकडे शेजारी-शेजारी लिहा. गिझरच्या ८.७ अँपिअरला १६ चा एमसीबी घेतला, तर वायर १६ पेक्षा जास्त पेलणारी हवी. वायर ८.७ पेलते एवढं पाहून भागत नाही.

याचं कारण एमसीबीच्या स्वभावात आहे. १६ चा एमसीबी १७ अँपिअरवर पडेल ही समजूत चुकीची आहे. मानकाप्रमाणे त्याने १.१३ पट करंटवर, म्हणजे सुमारे १८ अँपिअरवर, तासभर पडायचंच नसतं. १.४५ पटीवर, म्हणजे सुमारे २३ अँपिअरवर, तो तासाभराच्या आत पडतो. तो तासभर वायरीने २३ अँपिअर सोसायचे असतात.

‘बी’ आणि ‘सी’ ही अक्षरं शॉर्ट झाल्यावर किती पट करंटवर तत्काळ पडायचं ते सांगतात : बी तीन ते पाच पटींवर, सी पाच ते दहा पटींवर. दिवे आणि गिझरला बी पुरतो. मोटर, एसी सुरू होताना झटक्यात जास्त करंट ओढतात, त्यांना सी घ्या.

थांबा : एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्याच जागी मोठा बसवू नका. तो पडतोय याचा अर्थ लोड जास्त आहे किंवा कुठेतरी दोष आहे. मोठा बसवला की त्याची जागा वायर घेते, आणि वायर पडत नाही, जळते.

टप्पा ५ : वायरीचा तक्ता

आता ते पान उघडा. पण आकड्यांकडे जाण्याआधी तक्त्याच्या डोक्यावरच्या आणि पायाशी असलेल्या ओळी बोट ठेवून वाचा. चार गोष्टी शोधायच्या.

धातू : तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम यांचे रकाने शेजारी असतात. एक रकाना चुकला की सगळंच चुकलं.

भारित, म्हणजे करंट वाहणाऱ्या, वायरी किती : सिंगल फेजला दोन, थ्री फेजला तीन. अर्थची वायर यात धरत नाहीत.

वायर कुठून जाते : उघड्यावर, भिंतीवरच्या पाइपातून की भिंतीत गाडलेल्या पाइपातून. आपल्या घरात बहुधा पाइपाचा रकाना लागतो. उघड्यावरचा आकडा नेहमी मोठा असतो, आणि लोक नेमका तोच उचलतात.

मूळ तापमान : काही तक्ते ३० अंशांवर बेतलेले असतात, आपल्याकडच्या वायर कंपन्यांचे बहुतेक ४० अंशांवर. एकाच अडीच एमएम वायरीला एका पुस्तिकेत २४ आणि कंपनीच्या डब्यावर १९-२० अँपिअर दिसतात, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे. दोन्ही बरोबर आहेत, अटी वेगळ्या आहेत.

आता गिझरचं उदाहरण पूर्ण करू. तक्ता ३० अंशांचा, पाइपातून जाणारी तांब्याची पीव्हीसी वायर, सिंगल फेज : दीड एमएम १७.५, अडीच २४, चार ३२, सहा ४१ अँपिअर. एमसीबी १६ चा.

घर पुण्यातलं, उन्हाळ्यात भिंतीत ४० अंश धरा. गुणक ०.८७. त्याच पाइपातून आणखी एक सर्किट जातंय, म्हणजे दोन सर्किटं, गुणक ०.८०. हिशोब : २४ × ०.८७ × ०.८० = १६.७. सोळापेक्षा थोडी जास्त. अडीच एमएम चालली.

त्याच पाइपात तिसरं सर्किट कोंबलं तर गुणक ०.७० होतो. २४ × ०.८७ × ०.७० = १४.६. एमसीबी १६ चा आहे, म्हणजे तीच वायर आता चालत नाही. एक तर दुसरा पाइप टाका किंवा चार एमएम घ्या.

घर अकोल्यातलं किंवा चंद्रपुरातलं, पत्र्याचं छत, पाइप पत्र्याखालून. मे महिन्यात तिथे बाहेरच ४५ अंशांपुढे पारा जातो, पत्र्याखाली तर ५० सहज धरायला हवेत. गुणक ०.७१. दोन सर्किटांना २४ × ०.७१ × ०.८० = १३.६. पुस्तिकेत छापलेल्या चोवीसातले दहा अँपिअर छताने आणि सोबतच्या सर्किटाने मिळून खाल्ले. इथे चार एमएमच लागेल : ३२ × ०.७१ × ०.८० = १८.२.

विदर्भातली, मराठवाड्यातली मंडळी हा टप्पा वगळतात तेव्हा मला खरंच काळजी वाटते. वायरीचं आवरण ७० अंशांपर्यंतच टिकायला बनवलेलं असतं. छताखालच्या उन्हाने तिला आधीच ५० पर्यंत नेलं, तर करंटला वाढायला वीसच अंश उरले.

इथल्या नेहमीच्या चुका :

४० अंशांचा तक्ता घेऊन त्यावर पुन्हा ०.८७ लावायचं. तो गुणक ३० च्या तक्त्यासाठी आहे. ४० च्या तक्त्यावर ४० अंशांना काहीच लावायचं नसतं, ५० अंशांना ०.८२ लागतो. तक्ता आणि गुणक एकाच पुस्तिकेतले, एकाच मूळ तापमानाचे घ्या.

एकत्र वायरींच्या गुणकासाठी वायरी मोजायच्या. मोजायची ती सर्किटं. पाइपात नऊ वायरी दिसत असतील तर ती फेज, न्यूट्रल, अर्थ मिळून तीनच सर्किटं आहेत.

पाइप गच्च भरायचा. पोकळीच्या सुमारे ४० टक्क्यांपर्यंतच वायर असावी. ओढताना जोर लागू लागला की थांबा. आवरण सोललं गेलं तर ते आत दिसणार नाही.

तपासणी : वहीत प्रत्येक सर्किटपुढे छापील आकडा, दोन्ही गुणक आणि उत्तर असे चार रकाने भरलेत का? नुसतं ‘अडीच एमएम’ लिहिलेलं काम मी परत पाठवतो.

टप्पा ६ : लांबीने किती व्होल्ट खाल्ले

फ्लॅटमध्ये हा टप्पा पटकन उरकतो. खेड्यात मीटर रस्त्याकडेला आणि घर अंगणापलीकडे असेल तर इथेच वायरीचं माप बदलतं.

तक्त्यात मिलिव्होल्ट प्रति अँपिअर प्रति मीटर असा आकडा असतो : अडीच एमएमला १८, चारला ११, सहाला ७.३, दहाला ४.४. करंटने गुणा, मीटरने गुणा, हजारने भागा. मीटरपासून घर ४० मीटर, करंट २५ अँपिअर, वायर चार एमएम : ११ × २५ × ४० ÷ १००० = ११ व्होल्ट, म्हणजे २३० च्या जवळजवळ पाच टक्के. दिव्यांसाठी तीन टक्के आणि बाकीसाठी पाच टक्के ही मर्यादा धरली, तर घराच्या आतल्या वायरिंगसाठी काहीच उरलं नाही. सहा एमएमने ७.३ व्होल्ट, दहाने ४.४. इथे दहा घ्या.

थांबा : या तक्त्यात जाणारी आणि येणारी दोन्ही वायर आधीच धरलेली असते, म्हणून लांबी एकेरीच घ्यायची. पण पुस्तिकेत ओहम प्रति किलोमीटर असा तक्ता असेल तर तो एकाच वायरीचा असतो, तिथे लांबी दुप्पट करायची.

टप्पा ७ : अर्थ आणि आरसीसीबी

अर्थची वायर १६ चौरस मिमीपर्यंत फेजइतकीच जाड घ्या. बारीक अर्थ घालून वाचणारे पैसे फार थोडे असतात.

बोर्डात अर्थ मिळत नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून तार काढून अर्थच्या पिनला जोडणारे महाभाग अजून भेटतात. पुढे कधी न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येऊन बसतात. नळाच्या पाइपाला अर्थ जोडणंही बंद करा. अर्धा पाइप आता प्लास्टिकचा असतो. अर्थ खड्ड्यातूनच आणा आणि खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने मोजून घ्या. कोळसा-मीठ घातलं म्हणजे अर्थ झाला असं नसतं, आकडा पाहिजे.

घरासाठी आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा. तो जमिनीकडे गळणारा करंट ओळखून लाइन तोडतो, जास्त लोड ओळखत नाही, म्हणून त्याच्यासोबत एमसीबी हवाच. एका आरसीसीबीच्या सर्किटांचे न्यूट्रल त्याच्याच पट्टीवर राहिले पाहिजेत. इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल दुसऱ्या पट्टीवर गेला की आरसीसीबी विनाकारण पडत राहतो, आणि घरचे लोक वैतागून तो काढून टाकायला सांगतात. काढू नका, न्यूट्रल शोधा.

टप्पा ८ : हात लावण्याआधी

१. मेन बंद करा, त्याला कुलूप किंवा चिठ्ठी लावा.

२. इन्व्हर्टर बंद करा, सोलर असेल तर तोही. मेन बंद असताना इन्व्हर्टरच्या वायरीत २३० व्होल्ट असतातच. हा धोका पुस्तिकेच्या तक्त्यात कुठेच नसतो.

३. मीटर किंवा टेस्ट लॅम्प आधी चालू सॉकेटवर लावून तो चालतोय याची खात्री करा. मग कामाच्या जागी तपासा : फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. मग पुन्हा चालू सॉकेटवर लावून पाहा. नुसत्या खिशातल्या निऑन टेस्टरवर जीव टांगू नका. तो पेटला नाही म्हणजे लाइन बंद आहे, असं ठरत नाही.

टप्पा ९ : जोडणी

बटण नेहमी फेजवर, न्यूट्रल थेट. सॉकेटकडे तोंड करून पाहिलं तर अर्थ वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. पाइपात जोड नको, जोड फक्त बोर्डात किंवा जंक्शन बॉक्समध्ये. बहुतारी वायर स्क्रूखाली घालायची तर टोकाला लग (धातूची टोपी) लावा. दोन-चार तारा बाहेर राहिल्या तर तेवढी वायर बारीक झाली. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर अ‍ॅल्युमिनियमची आणि आतली तांब्याची असेल तर दोन्ही एकत्र पिळू नका, दोन धातूंचा लग वापरा. कोकणात खाऱ्या हवेने असा जोड लवकर हिरवा पडतो. प्रत्येक स्क्रू आवळून झाल्यावर वायर हाताने ओढून पाहा.

टप्पा १० : लाइन देण्याआधीच्या आणि नंतरच्या तपासण्या

मेन बंद असतानाच्या तपासण्या आधी, याच क्रमाने :

१. अर्थची सलगता : प्रत्येक सॉकेटच्या अर्थपासून बोर्डाच्या अर्थ पट्टीपर्यंत.

२. इन्सुलेशन : सगळी उपकरणं, एलईडी दिवे, इन्व्हर्टर, सर्ज संरक्षक सोडवून ठेवा, नाहीतर मेगर (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र) त्यांना मारेल. आरसीसीबीच्या पुढचं वायरिंग त्याच्यापासून सोडवून मोजा. ५०० व्होल्ट डीसीचा मेगर एक मिनिट लावा. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ निदान एक मेगाओहम हवा. नव्या वायरिंगमध्ये आकडा याच्या कितीतरी पट येतो. दोन-तीनच मेगाओहम दिसत असतील तर भिंत ओली आहे का किंवा आवरण कुठे सोललं आहे का ते शोधा.

३. फेज-न्यूट्रल उलटापालट झालीय का.

हे पार पडलं की लाइन द्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, तो लगेच पडला पाहिजे. पण हे बटण फक्त आरसीसीबीचं यंत्र तपासतं. तुमचा अर्थ बरोबर आहे हे त्यातून कळत नाही, म्हणून अर्थ वेगळा मोजलेला असलाच पाहिजे. मग गिझर, एसी अर्धा तास चालवा, वायरीभोवती अडकवायच्या क्लॅम्प मीटरने करंट मोजा आणि वहीतल्या आकड्याशी पडताळा.

ठेकेदाराकडून चाचणी अहवाल सहीसकट घ्या. वहीतला सर्किटांचा तक्ता स्वच्छ उतरवा : क्रमांक, कुठल्या खोलीचं, एमसीबी, वायरीचं माप, पाइपात सोबत कोणती सर्किटं, मेगरचा आकडा, तारीख. तो प्लास्टिकमध्ये घालून डीबीच्या (एमसीबींच्या मुख्य बोर्डाच्या) दाराला आतून चिकटवा.